कोकणात झऱ्याकाठी तंबू ठोकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात झऱ्यापाशी मुक्काम करायचा म्हणजे कुणाच्या तरी पिण्याच्या पाण्यापाशी मुक्काम करायचा. खालची सगळी उत्तरं ही गोष्ट धरून लिहिली आहेत. काही सूचना जाचक वाटतील, पण त्यातली एकही उगाच घातलेली नाही.

कोकणात झरे नेमके कुठे फुटतात, आणि ते तंबूवाल्याला कळून काय उपयोग?

किनारपट्टीवर वर्षाला साधारण अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावरचा, जांभा हा तांबडा दगड भोकाभोकांचा आणि भेगाळ असतो. पाणी त्यातून भराभर खाली उतरतं, खालच्या चिकण मातीच्या थरावर अडतं, त्या थरावरून आडवं सरकत जातं आणि सड्याच्या कडेला, घळीत किंवा उतारावर बाहेर पडतं. म्हणूनच वाड्या सड्याच्या माथ्यावर क्वचित दिसतात. त्या कुशीत असतात, आणि झऱ्याच्या खाली माडा-पोफळीचं आगर किंवा वायंगण (पावसाळ्यानंतर पाटाच्या पाण्यावर घेतलेल्या) भाताचे मळे असतात.

उपयोग असा की झऱ्याचं पाणी मुरतं कुठे, ते यावरून कळतं. बाहेर पडण्याची जागा आपल्याला दिसते, पण पाणी गोळा होतं वरच्या सड्यावर. जाड माती आणि वाळू पाणी गाळतात. जांभ्याच्या भेगा फारसं गाळत नाहीत. सड्यावर ओतलेलं खरकटं, साबणाचं पाणी किंवा तिथे उरकलेलं शौच एका चांगल्या सरीबरोबर खाली झऱ्यात उतरू शकतं. झऱ्याच्या डोक्यावरचा सडा मोकळा आणि ओसाड दिसला तरी तो त्या वाडीच्या पाण्याच्या टाकीचं झाकण आहे.

कोणते महिने चांगले?

दिवाळीनंतरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. ऑक्टोबरात परतीचा पाऊस दुपारनंतर विजा घेऊन येतो आणि उघड्या सड्यावर वीज हा खरा धोका आहे. नोव्हेंबरपासून हवा कोरडी होते, झऱ्याला पाणी भरपूर असतं, रात्री अंगावर पांघरूण घ्यावंसं वाटतं. मात्र दंव जबरदस्त पडतं. सकाळी तंबूचं वरचं कापड पिळून निघेल इतकं ओलं असतं.

मार्च ते मे झऱ्यापाशी मुक्काम करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. पुढचं उत्तर वाचा म्हणजे कारण कळेल.

झऱ्याला एवढं पाणी आहे, आम्ही पाच-सहा जणांनी वापरलं तर काय बिघडलं?

मोजून बघा. दहा लिटरची बादली धारेखाली धरा आणि घड्याळ लावा. डिसेंबरात ती समजा चाळीस सेकंदांत भरली, तर झरा मिनिटाला १५ लिटर, म्हणजे तासाला ९०० लिटर देतो आहे. तीच बादली एप्रिलमध्ये भरायला चार मिनिटं लागली, तर मिनिटाला अडीच लिटर, दिवसरात्र धरून ३,६०० लिटर. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर आहे. त्या हिशेबाने हे पाणी ६५ माणसांना पुरतं, म्हणजे वीसेक घरांच्या वाडीला जेमतेम. गुरं, कलमं, आगर यांचा यात हिशेबच धरलेला नाही. अशा दिवसांत सहा जणांनी धारेखाली मनसोक्त अंघोळी केल्या तर कुणाची तरी संध्याकाळची कळशी रिकामी राहते.

तंबूतल्या माणसाला पिण्यासाठी रोज चार लिटर, स्वयंपाकाला आणि भांडी पुसून-विसळायला तीन लिटर पुरतात. बादली भरायला दोन मिनिटांहून जास्त लागत असतील तर पाणी घरूनच कॅनमध्ये आणा.

परवानगी कोणाची घ्यायची?

आधी हे लक्षात घ्या की कोकणातली बहुतेक जमीन खाजगी आहे. ज्याला आपण रान म्हणतो ती कुणाची तरी काजूची बाग असते, आणि एका सातबाऱ्यावर पंधरा नावं असू शकतात. मालक मुंबईला असला तरी वाडीत त्याचा भाऊबंद किंवा बाग राखणारा असतो. वाडीतल्या जाणत्या माणसाला भेटा, तो बरोबर माणसाकडे पाठवतो. मुक्काम रात्रीचा असेल तर पोलीस पाटलांना नावं, माणसांची संख्या आणि गाडीचा नंबर सांगून ठेवा. ही नुसती औपचारिकता नाही; रात्री रानात बॅटऱ्या हलताना दिसल्या की गाव चोर समजून बाहेर पडतं.

झरा देवराईत असेल तर गावकर-मानकऱ्यांना विचारल्याशिवाय आत पाऊलही टाकू नका. बऱ्याच राईंत चपला बाहेर काढतात आणि पडलेलं लाकूडही उचलत नाहीत. राईत तंबू मागूच नये, बाहेर कुठे लावू असं विचारावं. सड्याखालचे उत्तम झरे या राईंमुळेच टिकले आहेत.

वनखात्याच्या जमिनीवर वनपाल किंवा परिक्षेत्र कार्यालयाची परवानगी लागते. मुरूड-रोह्याजवळच्या फणसाडसारख्या अभयारण्यात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. तिथे पाणवठ्यावर स्वतःच्या मनाने राहता येत नाही.

तंबू झऱ्यापासून किती लांब?

कमीत कमी ६० मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची ८० पावलं, आणि झऱ्याच्या खालच्या अंगाला किंवा बाजूला. वरच्या अंगाला कधीही नाही. सिंधुदुर्गात गव्यांचा वावर असलेल्या भागात हे अंतर १०० मीटरच्या पुढे न्या, कारण संध्याकाळी आणि पहाटे जनावरं पाण्यावर येतात आणि तुम्ही काठावर बसलात तर ती तहानलेली परत जातात. मळलेली जनावरवाट ओळखता येते: खुरांनी उखडलेली माती, शेण, दोन्ही बाजूंना अंगाने दबलेली झुडपं. तिच्यावर तंबू लावू नका.

व्हाळाच्या (ओढ्याच्या) कोरड्या पात्रातली वाळू सपाट आणि मऊ असते म्हणून मोह होतो. नोव्हेंबरातही अवकाळी सर आली तर हेच पात्र आधी भरतं. काठापासून निदान दोन माणूस उंचीवर जा. पुराची खूण झाडाच्या फांद्यांत अडकलेल्या पाचोळ्यावरून कळते.

माडाखाली तंबू किंवा झोपाळा नको. नारळ पडायचा तेव्हा पडतोच, पण वाळलेली झावळही माणूस जायबंदी करायला पुरेशी वजनदार असते. आंबा-काजूच्या झाडाला दोरी बांधण्यापूर्वी वर बघा. पानं एकत्र शिवल्यासारखी दिसली तर ते लाल मुंग्यांचं, उंबीलांचं घर आहे.

कातळावर खुंट्या शिरतच नाहीत. तंबू उभा कसा करायचा?

खुंट्या ठोकण्याचा प्रयत्नच करू नका, वाकतात. रिकामी सिमेंटची किंवा तांदळाची छोटी पोती बरोबर ठेवा, त्यात सुटे धोंडे भरा आणि तंबूची दोरी पोत्याच्या गळ्याला बांधा. दहा-बारा किलोचं एक पोतं एका कोपऱ्याला पुरतं. वाऱ्याच्या बाजूला दोन लावा. दोरी थेट जांभ्याच्या धोंड्याला गुंडाळली तर खरखरीत कडेवर घासून रात्रीत तुटते. गुंडाळायचीच असेल तर मध्ये जुनं सुती फडकं घाला.

खाली जाड ताडपत्री हवीच, कारण जांभा तंबूचा तळ कानशीसारखा घासतो. ताडपत्री तंबूच्या कडेच्या आत दुमडा. बाहेर राहिली तर दंवाचं पाणी तिच्यावरून ओघळत तंबूखाली जमतं आणि पहाटे पाठ ओली होते. तंबूच्या दोन्ही टोकांच्या जाळ्या उघड्या ठेवा, नाहीतर श्वासाची वाफ आतून थेंब धरते.

धोंडे गोळा करताना शेताच्या गडग्याचे (दगडी कुंपणाचे) उचलू नका. तो कुणाचा तरी बांध आहे, आणि त्याच्या फटींत फुरसं हा विषारी साप असण्याची शक्यता मोठी. बेडं (कुंपणाचं फाटक) उघडून आत गेलात तर मागे लावून घ्या. एक रात्र उघडं राहिलं तर गुरं सगळं वायंगण खाऊन टाकतात.

झऱ्याचं पाणी तसंच प्यावं का? वाडीतली माणसं तर पितात.

ती वर्षानुवर्षं तेच पाणी पितात आणि धार कुठून धरायची हे त्यांना माहीत असतं. पाहुण्याने प्रक्रिया करूनच प्यावं. पाणी झऱ्याच्या तोंडाशी, जिथे ते दगडातून बाहेर पडतं तिथेच भरा. त्याखालच्या डबक्यात गुरं, बेडूक, पाचोळा सगळं असतं. भांडं बुडवू नका, धार भांड्यात पडू द्या. गढूळ असेल तर चार पदरी सुती कापडातून गाळा, मग खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट तशीच ठेवा आणि झाकून निववा. क्लोरीनची गोळी किंवा मेडिक्लोर (क्लोरीनचं द्रावण) वापरायचं असेल तर प्रमाण पाकिटावर दिलं असेल तेच घ्या आणि किमान अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीवर खर्ची पडतं आणि जंतू राहतात, म्हणून गाळणं आधी.

जुलाब लागलेच तर एक लिटर उकळून निवलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ वाढवू नका.

अंघोळ आणि भांडी? रिठा-शिकेकाई तर नैसर्गिक आहे ना?

साबण, शाम्पू, भांड्यांची पावडर झऱ्यात, कुंडात, पाटात कुठेच नाही. बादली भरून ६० मीटर लांब न्या, मातीच्या जागी अंघोळ करा, पाणी जमिनीत जिरू द्या. भांडी आधी राखेने किंवा पाचोळ्याने कोरडी पुसली तर दोन लिटरमध्ये सहा जणांची ताटं होतात.

रिठा आणि शिकेकाईबद्दलचा गैरसमज फार पसरला आहे. त्यांचा फेस सॅपोनिनमुळे येतो आणि सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना घातक असतं. डिसेंबरनंतर साचून राहिलेल्या छोट्या कोंडीत (डोहात) मूठभर रिठ्याचं पाणीही मासे आणि बेडकांची पिल्लं मारायला पुरतं. तेही लांबच वापरा. आणि मासळी किंवा मटण झऱ्यावर धुऊ नका. पाणी तर नासतंच, शिवाय पुष्कळ झऱ्यांवर गावाचं दैवत असतं.

शौचाचं काय?

वाडीत विचारलं तर बहुतेक घरं स्वतःचं शौचालय वापरू देतात. विचारायला संकोच करू नका, त्यांनाही तेच बरं वाटतं. जाताना बादलीभर पाणी तुम्ही शेंदून किंवा भरून ठेवा.

ते शक्य नसेल तर पाण्यापासून ६० मीटर, झऱ्याच्या खालच्या अंगाला, भुसभुशीत काळ्या-तांबड्या मातीत १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा. मातीने बुजवा, वर दगड ठेवा. कातळावर ही सोय नाही, कारण माती वीतभरही नसते. तिथे झाकणाची बादली, आत जाड पिशवी, वर लाकडाचा भुसा किंवा राख, आणि सगळं परत. ओले कागदी रुमाल, पॅड, डायपर कुठल्याही खड्ड्यात पुरायचे नाहीत. रानडुकरं दुसऱ्या रात्री उकरतात.

वाटेत पडलेला काळा पाईप कसला?

ते वाडीचं सायफनचं पाणी. झऱ्यापाशी छोटी टाकी बांधून किंवा नुसता पिंप बसवून तिथून काळा प्लॅस्टिकचा पाईप उताराने घरांपर्यंत नेलेला असतो. पंप नाही, वीज नाही. त्याची सगळी भिस्त सांध्यांवर असते. सांध्यावर पाय पडला किंवा झऱ्याकडचं तोंड पाण्यावर उघडं पडलं की हवा आत शिरते, पाईपच्या उंचवट्यावर अडकते आणि खाली धार बंद होते. मग कुणीतरी कोयता घेऊन दीड-दोन किलोमीटर वर येतं, एकेक सांधा सोडून हवा काढत खाली जातं. पाईप ओलांडा, त्यावर चालू नका, त्याला तंबूची दोरी बांधू नका. तोंडाशी बांधलेली जाळी किंवा कापड काढलंत तर पाचोळा आत जाऊन पाईप चोंदतो. चुकून सांधा निघालाच तर वाडीत जाऊन लगेच सांगा, स्वतः बसवत बसू नका.

वायंगणाचे पाटही असेच. धोंडे लावून पाट अडवला की खालच्या मळ्याची पाळी चुकते.

चूल पेटवता येईल का?

डिसेंबरच्या अखेरपासून सड्यावरचं गवत वाळून कोळ होतं. वणवा लागला तर तो काजूच्या बागेत शिरतो, आणि मोहराच्या तोंडावर जळलेली बाग शेतकऱ्याची कित्येक वर्षं घेऊन जाते. गॅसची छोटी शेगडी वापरा. २३० ग्रॅमची एक नळकांडी दोघांना दोन दिवस पुरते. तीही उघड्या कातळावर, आडोसा करून, चारी बाजूंचं गवत दोन मीटर साफ करून.

घरमालकाने त्याच्या अंगणात चूल दिली तर उत्तम. व्हाळातले ओले गोटे चुलीला लावू नका. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात आणि कपच्या डोळ्यांपर्यंत उडतात. विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. हात लावून निखारा गार लागला की मगच उठा.

साप-विंचवाची खरोखर किती भीती बाळगायची?

भीतीपेक्षा शिस्त हवी. जांभ्याच्या सड्यावर फुरसं भरपूर आहे. फूटभर लांबीचं, दगडाच्या रंगाचं. डिवचलं की अंगाची वेटोळी घासून करकर आवाज काढतं. झऱ्याकाठच्या झुडपांत हिरवा चापडा डहाळीसारखा पडून असतो, त्यामुळे चढताना फांदीला हात घालण्याआधी नीट बघा. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, म्हणून उघड्यावर चटई टाकून झोपू नका. तंबूची चेन कायम बंद, अंधारात बॅटरी आणि पूर्ण बूट.

दंश झाला तर कापू नका, चोखू नका, घट्ट दोरी आवळू नका. अंगठी-कडं काढा, तो अवयव फळकुटाने स्थिर करा, माणसाला चालवू नका आणि १०८ ला फोन करा. सापाला पकडायला कुणी थांबू नये. फुरशाच्या विषाने रक्त गोठणं बिघडतं आणि ते काही तासांनीही दिसू शकतं. ‘बरं वाटतंय’ म्हणून दवाखाना टाळणं सगळ्यांत घातक.

लाल विंचू कोकणात सापाइतकाच गंभीर घ्यावा, मुलांच्या बाबतीत जास्तच. डंखानंतर नुसती आग होत असेल तर वेगळं. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं सुरू झालं तर तो हृदयावरचा ताण आहे. यावर प्राझोसिन हे औषध महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे रूढ झालं आणि त्याने मृत्यू खूप घटले. ते लवकर मिळायला हवं, म्हणून जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे हे तंबू लावण्याआधी बघून ठेवा. सकाळी बूट उलटे झटकूनच घाला.

गोचीड, लेप्टो, खाजकुयली?

दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून आणि पुढे सावंतवाडीच्या भागातही माकडताप आढळला आहे. तो गोचिडीतून येतो आणि हिवाळ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत त्याचा हंगाम असतो. या पट्ट्यात पाचोळ्यावर बसू नका, विजार मोज्यात खोचा, संध्याकाळी काखा, जांघा, कानामागे तपासा. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल किंवा जळती काडी लावू नका. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा.

पायाला जखम असेल तर गुरं उतरतात त्या डबक्यात पाय घालू नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) तिथूनच शिरतो. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर रानातल्या पाण्यात उतरलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

खाजकुयलीच्या शेंगा हिवाळ्यात वाळतात आणि त्यांची लव वाऱ्यावरही अंगाला लागते. चोळू नका. चिकटपट्टी लावून लव उपटा, मग गार पाण्याने धुवा, कपडे वेगळे बांधा.

कुंडात पोहायला मिळेल का?

देवळाच्या कुंडात नाही. खालच्या कोंडीत गाववाल्यांना विचारून, खोली काठीने मोजून. सूर मारू नका. पाणी नितळ असलं की तळ आहे त्याहून वर दिसतो. शेवाळलेल्या कातळावर चपलेपेक्षा जाड सुती मोजा बरा धरतो. झऱ्याच्या छोट्या कोंडीत मगर नसते, पण तोच व्हाळ खाली वाशिष्ठी किंवा सावित्रीला मिळत असेल तर नदीत उतरू नका, तिथे मगरी आहेत.

बारमाही पाणी हवं असेल तर वैभववाडी तालुक्यात नाधवडे इथे महादेवाच्या देवळाजवळ जमिनीतून बुडबुडत वर येणारा उमाळा आहे आणि जवळच नापणे धबधबा. दोन्ही दिवसा बघण्याच्या जागा आहेत.

पावसाळ्यात गेलं तर?

दिवसभराची फेरी करा, मुक्काम घरात. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहू लागला किंवा वरून घरघर ऐकू आली की सामान सोडून उंचावर चढायचं. पलीकडे अडकलात तर थांबा. वरचा पाऊस थांबला की व्हाळ बहुधा काही तासांत उतरतो.

कुत्रा न्यावा का?

नको. बिबट्या कुत्र्याच्या मागे येतो.

गरम पाण्याच्या झऱ्यांवर राहता येतं का?

दापोलीकडचं उन्हवरे, संगमेश्वरकडची तुरळ आणि राजवाडी, महाडजवळचं सव, राजापूरजवळचं उन्हाळे ही ठिकाणं अंघोळीची आणि देवस्थानाची आहेत. पाण्याला गंधकाचा वास असतो, ते पिऊ नये. दहा मिनिटांच्या वर आत बसलं तर चक्कर येऊ शकते. राजापूरची गंगा उन्हाळे गावालगतच आहे, पण ती वेगळी: चौदा कुंडांत अधूनमधून प्रकटते आणि काही आठवड्यांनी जाते. ती आली की तिथे यात्रा भरते, तंबूला जागाही नसते. मुक्काम राजापुरात करा आणि पहाटे जा.